जांभळे डाग, एक विषाणू आणि कारण सिद्ध करण्याची कठीण वाट

१/ इतिहासाच्या अभ्यासात 'कारण' हा शब्द फार जपून वापरावा लागतो. पानिपतावरील पराभवाची कारणे सांगताना आपण दहा मुद्दे मांडतो आणि त्यांतला निर्णायक कोणता, यावर पिढ्यान्‌पिढ्या वाद घालतो. आजच्या धाग्यात अशाच एका वादाचा इतिहास पाहू. हा वाद मात्र रोगाच्या कारणाविषयीचा आहे. एड्सच्या रुग्णांना होणारा एक कर्करोग नागिणीच्या कुळातील विषाणूमुळे होतो का? त्या कर्करोगाच्या पहिल्या नोंदीपासून या प्रश्नाच्या उत्तरापर्यंत पोहोचायला १२० वर्षांहून अधिक काळ लागला. या वाटेवर व्हिएन्ना, कंपाला आणि न्यूयॉर्क ही शहरे येतात, तशीच परळची एक प्रयोगशाळा येते, आणि शेवटी म्हसवड-आटपाडीचा आपला माणदेशही येतो.

२/ आरंभ १८७२ मधील व्हिएन्नात होतो. मोरित्झ कापोसी हे तेथील त्वचारोगतज्ज्ञ. त्यांचे मूळ आडनाव कोन. हंगेरीतील कापोश्वार या जन्मगावावरून त्यांनी 'कापोसी' हे नाव घेतले. काही प्रौढ पुरुषांच्या पायांवर जांभळट-तपकिरी डाग आणि गाठी त्यांना आढळल्या. त्यांनी या विकाराचे जे वर्णन प्रसिद्ध केले, त्याच्या शीर्षकातच 'इडिओपॅथिक' हा शब्द होता. वैद्यकाच्या परिभाषेत त्याचा अर्थ 'कारण अज्ञात'. पुढे या विकाराला 'कापोसी सार्कोमा' हे नाव रूढ झाले. कारण मात्र अज्ञातच राहिले.

३/ पुढील काही दशकांत या रोगाचा एक विचित्र नकाशा तयार झाला. भूमध्य समुद्राच्या काठचे आणि पूर्व युरोपातील वृद्ध पुरुष, विशेषतः ज्यू आणि इटालियन, हे त्याचे नेहमीचे रुग्ण. त्यांच्यात तो संथपणे वाढे. विसाव्या शतकाच्या मध्यास युगांडा, काँगो या भागांतील डॉक्टरांना हाच रोग वारंवार दिसू लागला. तेथे तो तरुणांना आणि मुलांनाही गाठत होता. १९६१ मध्ये कंपाला येथे या एकाच रोगावर आंतरराष्ट्रीय परिसंवाद भरला. नंतर मूत्रपिंड प्रत्यारोपणानंतर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेणाऱ्या रुग्णांतही तो आढळू लागला. रोगाचा भूगोल असा असमान असेल, तर त्यामागे एखादा संसर्ग असावा, अशी शंका येणे स्वाभाविक होते.

४/ या शंकेला बळ मिळाले तेही युगांडामुळेच. डेनिस बर्किट या शल्यविशारदाने तेथील मुलांच्या जबड्यात होणाऱ्या एका विशिष्ट गाठीचे वर्णन केले होते. त्या गाठीतील पेशी लंडनमध्ये वाढवून १९६४ मध्ये अँथनी एप्स्टाइन, बर्ट अचाँग आणि इव्हॉन बार यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली एक विषाणू पाहिला. तो हर्पिस कुळातला होता. कांजिण्या, नागीण, ताप येऊन गेल्यावर ओठांवर उठणारे फोड हे सारे याच कुळातील निरनिराळ्या विषाणूंचे काम. या कुळाचा एक धर्म असा की, एकदा शरीरात शिरलेला विषाणू जन्मभर तेथेच दडून राहतो. असा विषाणू माणसात कर्करोगही घडवत असेल का, हा प्रश्न आता प्रयोगशाळांपुढे उभा राहिला.

५/ येथे आपण परळला येऊ. २८ फेब्रुवारी १९४१ रोजी टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले. तेथील प्रयोगशाळेची धुरा डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्याकडे होती. भारतातील विकृतिशास्त्राचे जनक म्हणून त्यांचा उल्लेख होतो. १९५२ मध्ये स्थापन झालेल्या 'इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटर'चे ते पहिले संचालक. रोग कोणत्या समाजात, कोणत्या सवयींच्या सोबतीने दिसतो, याकडे त्यांचे बारीक लक्ष असे. तंबाखू व पान खाण्याची सवय आणि तोंडाचा कर्करोग यांच्या संबंधावरील त्यांचे काम प्रसिद्ध आहे. कर्करोगाचा उलगडा करताना रोग्याच्या शरीराइतकाच त्याचा समाजही वाचावा लागतो, ही दृष्टी या प्रयोगशाळेत रुजली होती.

६/ खानोलकरांच्या मार्गदर्शनाखाली १९४९ मध्ये मुंबई विद्यापीठाची पीएच.डी. मिळवणाऱ्या कमल रणदिवे या मूळच्या पुण्याच्या. माहेरचे आडनाव समर्थ. हुजूरपागेत आणि फर्ग्युसन महाविद्यालयात त्यांचे शिक्षण झाले. पुढे अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जॉर्ज गाय यांच्याकडे त्यांनी शरीराबाहेर पेशी वाढवण्याचे तंत्र आत्मसात केले. ज्यांच्या प्रयोगशाळेत 'हेला' पेशींची जगप्रसिद्ध मालिका सुरू झाली, तेच हे गाय. परतल्यावर रणदिवे यांनी मुंबईत ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा उभारली. ती देशातील अशी पहिली प्रयोगशाळा मानली जाते.

७/ रणदिवे यांचा एक मुख्य विषय होता स्तनाचा कर्करोग, आणि त्याच्या मुळाशी होता उंदीर. १९३६ मध्ये अमेरिकी संशोधक जॉन बिटनर यांनी दाखवले होते की, उंदरांच्या काही वाणांत स्तनाच्या कर्करोगाची प्रवृत्ती आईच्या दुधातून पिलांकडे जाते. दुसऱ्या वाणाच्या मादीचे दूध पाजले, तर त्या पिलांतील रोगाचे प्रमाण घटते. दुधातील तो 'घटक' म्हणजे एक विषाणू होता, हे पुढे स्पष्ट झाले. आनुवंशिकता, संप्रेरके आणि हा विषाणू यांचे परस्परसंबंध रणदिवे यांनी उंदरांच्या निरनिराळ्या वाणांवर तपासले. एकाच रोगामागे अनेक घटक एकत्र काम करू शकतात, हा त्या कामातून मिळणारा धडा ध्यानात ठेवावा. पुढे तो उपयोगी पडेल.

८/ उंदरात जे घडते, ते माणसातही घडत असेल का? मुंबईतील पारशी महिलांत स्तनाच्या कर्करोगाचे प्रमाण इतर समाजांपेक्षा अधिक असल्याचे टाटा रुग्णालयातील नोंदींवरून ठाऊक होते. हा समाज लहान, आणि विवाह बहुतांशी समाजातच होत. १९७१ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात अमेरिकी व मुंबईकर संशोधकांचा एक संयुक्त निबंध प्रसिद्ध झाला. डॅन मूर यांच्यासोबत मुंबईच्या सत्यवती सिरसाट आणि जे. सी. पेमास्टर यांची नावे त्यावर होती. पारशी महिलांच्या दुधाच्या नमुन्यांत उंदरांच्या त्या विषाणूसारखे दिसणारे कण आढळल्याचे त्यात नोंदवले होते. मानवी स्तनकर्करोगाचा विषाणू सापडला की काय, अशी आशा जगभर निर्माण झाली.

९/ ती आशा फळाला आली नाही. दुधात कण दिसतात, एवढ्याने ते विषाणूच आहेत, हे ठरत नव्हते. विषाणू असले, तरी ते रोगाचे कारण आहेत, हे ठरत नव्हते. मानवी स्तनकर्करोगाचा विषाणू म्हणून सर्वमान्यता मिळालेला एकही विषाणू आजवर नाही. तरीही त्या प्रयत्नाला आंधळी गल्ली म्हणून सोडून देऊ नये. इतिहासकारांना हा प्रसंग ओळखीचा वाटेल. कटाच्या जागी एखाद्या सरदाराची उपस्थिती सिद्ध झाली, म्हणून तो कटाचा सूत्रधार ठरत नाही. उपस्थिती आणि कर्तृत्व या दोन गोष्टींसाठी दोन वेगळे पुरावे लागतात.

१०/ कापोसी सार्कोमाच्या बाबतीतही १९७२ मध्ये असेच घडले. गाएतानो जिराल्डो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आफ्रिकी रुग्णांच्या गाठींतील पेशी वाढवल्या आणि त्यांत हर्पिससारखे कण पाहिले. पुढे संशयाची सुई 'सायटोमेगॅलो' या विषाणूकडे वळली. परंतु हा विषाणू जगभर कोट्यवधी निरोगी लोकांतही आढळतो. घरोघरी दिसणाऱ्या माणसाला एका विशिष्ट गुन्ह्यासाठी जबाबदार धरायचे, तर फार भक्कम आधार हवा. तसा आधार मिळाला नाही. 'हर्पिस कुळातील विषाणू' ही कल्पना बरोबर होती, पण हाती लागलेला विषाणू चुकीचा होता, हे कळायला अजून बावीस वर्षे जायची होती.

११/ ३ जुलै १९८१. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या साप्ताहिक अहवालात न्यूयॉर्क आणि कॅलिफोर्नियातील २६ समलैंगिक पुरुषांना कापोसी सार्कोमा झाल्याची नोंद आली. म्हाताऱ्यांच्या पायांवर संथपणे वाढणारा हा रोग आता तरुणांच्या चेहऱ्यावर, तोंडात, फुफ्फुसात पसरत होता आणि जीव घेत होता. त्याच दिवशी 'न्यूयॉर्क टाइम्स'ने या दुर्मीळ कर्करोगाची बातमी दिली. आज ज्याला आपण एड्स म्हणतो, त्याची जगाला झालेली ही अगदी सुरुवातीची ओळख. पुढील काही वर्षे हे जांभळे डाग त्या आजाराची उघड खूण बनले. १९९३ च्या 'फिलाडेल्फिया' या चित्रपटात नायक न्यायालयात छातीवरचे डाग उघडे करून दाखवतो, तो प्रसंग याच खुणेवर उभा आहे.

१२/ कारण ठाऊक नसते, तेव्हा समाज ती जागा दोषारोपाने भरून काढतो. वृत्तपत्रांतून आणि लोकांच्या बोलण्यातून 'समलैंगिकांचा कर्करोग' असे शब्द रूढ झाले. काही संशोधकांनी त्या समाजातील काही जण वापरत असलेल्या नायट्राइटच्या वाफेवर संशय घेतला. काहींनी एकूण जीवनशैलीवर. चौदाव्या शतकातील प्लेगच्या वेळी युरोपात ज्यूंवर विहिरीत विष कालवल्याचा आरोप झाला, हे आपण वाचलेले आहे. प्रयोगशाळेतील 'हे कशामुळे होते?' आणि गल्लीतील 'हे कोणामुळे झाले?' हे दोन प्रश्न वेगळे आहेत. पहिल्याचे उत्तर लांबले की दुसरा मोठ्याने विचारला जातो.

१३/ १९८३ मध्ये पॅरिसच्या पाश्चर संस्थेत फ्रान्स्वाझ बारे-सिनूसी आणि ल्यूक मोंतान्ये यांच्या गटाने तो विषाणू वेगळा केला, ज्याला पुढे एचआयव्ही हे नाव मिळाले. एड्सचे कारण सापडले. मग कापोसी सार्कोमाचेही सापडले, असे अनेकांना वाटले. १९८८ मध्ये एचआयव्हीचे 'टॅट' हे जनुक उंदरांत घातल्यावर त्यांच्या त्वचेवर कापोसी सार्कोमासारखे विकार उद्भवल्याचे प्रयोगांत दिसले. कोडे सुटल्यासारखे झाले. पण एक जुना साक्षीदार या उत्तराच्या आड येत होता. कापोसींच्या १८७२ मधील रुग्णांना एचआयव्ही नव्हता, आणि भूमध्य प्रदेशातील वृद्धांनाही नव्हता. मग त्यांना तो रोग कशामुळे झाला?

१४/ निर्णायक पाऊल टाकले ते आकड्यांनी. व्हॅलरी बेरल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील एड्स रुग्णांच्या नोंदी तपासून १९९० मध्ये 'लॅन्सेट'मध्ये निबंध लिहिला. सामान्य लोकांच्या तुलनेत एड्स रुग्णांत कापोसी सार्कोमाचे प्रमाण किमान २०,००० पट होते. अन्य कारणांनी प्रतिकारशक्ती खालावलेल्यांच्या तुलनेत ते ३०० पट होते. मात्र खरी मेख पुढे होती. समलैंगिक व उभयलैंगिक पुरुषांतील एड्स रुग्णांपैकी सुमारे २१ टक्के जणांना हा रोग होता. रक्तघटकांच्या इंजेक्शनातून एचआयव्ही झालेल्या हिमोफिलियाच्या रुग्णांत तो जेमतेम १ टक्का होता.

१५/ या तुलनेतील तर्क समजून घेण्यासारखा आहे. दोन्ही गटांत एचआयव्ही आहे, दोन्ही गटांत प्रतिकारशक्ती ढासळलेली आहे. एकटा एचआयव्ही कारण असता, तर दोन्हीकडे प्रमाण साधारण सारखे असायला हवे होते. ते नाही. म्हणजे एका गटाकडे असलेले आणि दुसऱ्याकडे नसलेले काहीतरी वेगळे आहे. ते मुख्यतः लैंगिक संबंधांच्या वाटेने पसरते आणि शुद्ध केलेल्या रक्तघटकांतून सहसा जात नाही. कोणीही न पाहिलेल्या एका संसर्गाचे हे वर्णन होते. नोंदवह्यांतील रकाने नीट वाचले, तर त्यांतून अदृश्य पात्राची आकृती उमटते. दप्तरात बसणाऱ्या कोणत्याही अभ्यासकाला याचा आनंद वाटावा.

१६/ आता त्या पात्राला पकडायचे होते. युआन चँग या न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील विकृतिशास्त्रज्ञ; त्यांचे पती पॅट्रिक मूर हे साथरोगतज्ज्ञ. विषाणू कसा दिसतो हे ठाऊक नसताना तो शोधायचा कसा? त्यांनी नुकतेच विकसित झालेले एक तंत्र वापरले. एकाच एड्स रुग्णाच्या दोन ऊती घ्यायच्या, एक रोगट, दुसरी निरोगी. दोन्हींतील डीएनए समोरासमोर ठेवून जे सामाईक, ते वजा करत जायचे. शेवटी जे उरेल, ते केवळ रोगट भागातले. एकाच बखरीच्या दोन हस्तलिखित प्रती ओळीओळीने ताडून पाहिल्या की एकीत मागाहून घुसलेला मजकूर वेगळा काढता येतो. हे काम साधारण तसेच.

१७/ उरले ते डीएनएचे दोन छोटे तुकडे. ते मानवी नव्हते. ज्ञात विषाणूंशी ताडून पाहिल्यावर त्यांचे साम्य एप्स्टाइन-बार विषाणूशी आणि माकडांतील एका हर्पिस विषाणूशी आढळले. हर्पिस कुळातील हा नवा सदस्य होता. १६ डिसेंबर १९९४ च्या 'सायन्स' नियतकालिकात निबंध आला. एड्सग्रस्तांच्या कापोसी सार्कोमाच्या ऊतींपैकी ९० टक्क्यांहून अधिक नमुन्यांत हे तुकडे होते; एड्स नसलेल्या लोकांच्या तपासलेल्या ऊतींत ते नव्हते. या विषाणूला पुढे 'कापोसी सार्कोमा हर्पिस विषाणू' आणि 'मानवी हर्पिस विषाणू ८' अशी दोन नावे मिळाली.

१८/ तरीही प्रश्न मिटला नव्हता. एड्सग्रस्तांच्या, कापोसी सार्कोमा नसलेल्या ऊतींतही १५ टक्के नमुन्यांत हे तुकडे होते. प्रतिकारशक्ती कोसळलेल्या शरीरात अनेक विषाणू आयते शिरतात. हा विषाणूही तसाच बघ्या असेल तर? गाठ आधी झाली आणि विषाणूने नंतर तेथे बिऱ्हाड केले असेल तर? परळच्या दुधातील कणांचा आणि १९७२ च्या चुकीच्या संशयिताचा इतिहास पाहता ही सावधगिरी योग्यच होती. रॉबर्ट कॉख यांच्या जुन्या कसोट्या येथे थेट लावणे अवघड होते. माणसात मुद्दाम कर्करोग घडवून पाहता येत नाही. १९६५ मध्ये ब्रॅडफर्ड हिल यांनी कार्यकारणसंबंध जोखण्यासाठी मांडलेले निकष मात्र हाताशी होते. पुढील काही वर्षांत पुरावा त्याच वाटेने जमत गेला.

१९/ पहिला पुरावा : सातत्य. १९९५ पासून भूमध्य प्रदेशातील वृद्ध, आफ्रिकेतील रुग्ण, एचआयव्ही नसलेले समलैंगिक पुरुष अशा सर्वांच्या गाठी तपासल्या गेल्या. या रोगाच्या प्रत्येक प्रकारात तोच विषाणू होता. कापोसींच्या काळापासून वेगवेगळे वाटणारे रुग्ण एका सूत्रात आले. १९८८ चे 'टॅट'चे उत्तर ज्या साक्षीदारापुढे अडले होते, त्याला आता उत्तर मिळाले.

दुसरा पुरावा : कालक्रम. कारण हे परिणामाच्या आधी यायला हवे. १९९५ मध्ये लंडनच्या संशोधकांनी दाखवले की, एचआयव्हीबाधितांपैकी ज्यांच्या रक्तात हा विषाणू आधीच आढळला, त्यांना पुढे कापोसी सार्कोमा होण्याची शक्यता अधिक होती. १९९६ मध्ये जपून ठेवलेले जुने रक्तनमुने तपासले गेले. अनेक रुग्णांत विषाणूविरोधी प्रतिपिंडे गाठ दिसण्याच्या कित्येक महिने वा वर्षे आधी तयार झाली होती. गोठवून ठेवलेली रक्ताची कुपीही अभिलेखागारातील कागदाइतकीच बोलकी ठरते, ती अशी.

२०/ तिसरा पुरावा : भूगोल. विषाणूचा नकाशा आणि रोगाचा नकाशा एकमेकांवर ठेवून पाहिले. सहाराच्या दक्षिणेकडील आफ्रिकेच्या अनेक भागांत हा संसर्ग फार मोठ्या प्रमाणावर, भूमध्य प्रदेशात मध्यम, उत्तर युरोपात आणि अमेरिकेतील सर्वसामान्य लोकांत कमी. रोगाचा क्रमही तोच. २००० मध्ये हेही स्पष्ट झाले की, विषाणू लाळेतून मोठ्या प्रमाणावर बाहेर पडतो. आफ्रिकेत बालपणीच घरच्या माणसांकडून संसर्ग कसा होतो, याचा उलगडा त्यातून झाला. म्हणजे 'जीवनशैलीचा रोग' हा १९८१ चा शिक्का किती तोकडा होता, ते उघड झाले.

२१/ चौथा पुरावा : कार्यपद्धती. १९९६ मध्ये विषाणूचा जनुकीय आराखडा वाचला गेला आणि एक विलक्षण गोष्ट दिसली. माणसाच्या पेशीवाढीचे नियमन करणाऱ्या अनेक जनुकांच्या नकला या विषाणूने उत्क्रांतीच्या ओघात स्वतःकडे घेतल्या होत्या. पेशीला 'विभाजन कर' सांगणारे प्रथिन, 'मरू नकोस' सांगणारे प्रथिन, नव्या रक्तवाहिन्या फुटायला मदत करणारे प्रथिन. राजमुद्रेची नक्कल हाती असलेला तोतया जसे हुकूम काढेल, तसाच हा प्रकार.

पाचवा पुरावा : हस्तक्षेप. एड्स रुग्णांच्या डोळ्यांतील सायटोमेगॅलो संसर्गावर गॅन्सायक्लोव्हिर हे औषध दिले जाई. हर्पिस कुळाला रोखणारे हे औषध पोटातून वा शिरेतून घेणाऱ्यांत नवा कापोसी सार्कोमा होण्याचे प्रमाण लक्षणीयरीत्या घटल्याचे १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिसले.

२२/ निकाल टप्प्याटप्प्याने लागला. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९७ मध्ये या विषाणूला 'बहुधा कर्करोगकारक' म्हटले. २००९ च्या फेरतपासणीत त्याला पहिल्या गटात, म्हणजे माणसात निश्चितपणे कर्करोग घडवणाऱ्या घटकांत, स्थान मिळाले. त्या दोन निर्णयांत बारा वर्षांचे अंतर आहे. 'बहुधा' हा शब्द काढून टाकण्याची किंमत किती असते, हे त्या अंतरावरून कळते.

२३/ मग एचआयव्हीचे काय? त्याची भूमिका संपली का? मुळीच नाही. हर्पिस कुळातील हा विषाणू शरीरात असलेल्या बहुसंख्य लोकांना कधीच कर्करोग होत नाही, कारण प्रतिकारशक्ती त्याला धाकात ठेवते. एचआयव्ही तो पहारा उठवतो. वार्धक्य आणि प्रत्यारोपणानंतरची औषधे पहारा सैल करतात. म्हणजे एक विषाणू आवश्यक, पण पुरेसा नाही. दुसरा त्याला वाट मोकळी करून देणारा. रणदिवे यांच्या उंदरांनी दाखवलेला अनेक घटकांच्या संगनमताचा धडा येथे आठवावा. हर्पिस विषाणूने कर्करोग होतो का, या प्रश्नाचे नेमके उत्तर असे आहे : होय, पण एकट्याने क्वचितच.

२४/ आता घराकडे वळू. भारतातील पहिले एचआयव्हीबाधित १९८६ मध्ये चेन्नईत आढळले. ते संशोधन डॉ. सुनीती सॉलोमन आणि त्यांची विद्यार्थिनी सेल्लप्पन निर्मला यांचे. सॉलोमन यांचे माहेरचे आडनाव गायतोंडे. चेन्नईत स्थायिक झालेल्या मराठी घरातल्या त्या. पुढे वडिलांच्या नावाने त्यांनी वाय. आर. गायतोंडे एड्स संशोधन केंद्र उभे केले. काही वर्षांतच महाराष्ट्र या साथीच्या केंद्रस्थानी आला. १९९२ मध्ये पुण्याजवळ भोसरी येथे राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था स्थापन झाली. सांगलीची गणना देशातील अधिक प्रादुर्भावाच्या जिल्ह्यांत होऊ लागली.

२५/ माणदेशाचा भूगोल ज्यांना ठाऊक आहे, त्यांना त्यामागची एक वाट लगेच दिसेल. माण, आटपाडी, खानापूर हा पर्जन्यछायेचा प्रदेश. माणगंगा वर्षातील बराच काळ कोरडी. म्हणून येथील माणूस पिढ्यान्‌पिढ्या बाहेर पडला : मेंढरे घेऊन, मुंबईच्या गिरण्यांत, ऊसतोडीला, सोने-चांदी गाळणारा गलाई कामगार होऊन देशभरच्या पेठांत. पुणे-बेंगळुरू महामार्ग सातारा-कराडवरून जातो. दीर्घकाळ घरापासून दूर राहणारी माणसे आणि सतत धावणारी वाहने, या दोन्हींसोबत एचआयव्हीचा प्रवास होतो, हे जगभर दिसलेले आहे. दुष्काळाने घडवलेल्या वाटांवरून संसर्ग घरी आला. ज्या स्त्रियांनी गावाची वेस क्वचितच ओलांडली, त्यांच्यापर्यंतही तो पोहोचला.

२६/ आणि येथे आपल्या धाग्यातील सर्वांत महत्त्वाचा स्थानिक पुरावा आहे. तो एका अनुपस्थितीचा आहे. एचआयव्ही आला, पण जांभळे डाग जवळपास आलेच नाहीत. भारतात एड्सच्या रुग्णांत कापोसी सार्कोमा फार क्वचित नोंदला गेला. येथील रुग्णाचा मुख्य सोबती ठरला क्षयरोग : खोकला, ताप, झिजत जाणारे शरीर. कारण भारतात हा हर्पिस विषाणू मुळातच कमी प्रमाणात आढळतो. पहारा उठला, पण आत दबा धरून बसलेला तो विशिष्ट शत्रू बहुतेकांच्या शरीरात नव्हताच. क्षयाचे जंतू मात्र घरोघरी होते. एचआयव्ही एकटाच कापोसी सार्कोमाचे कारण असता, तर सांगली-साताऱ्याच्या रुग्णालयांतून चित्र वेगळे दिसले असते. बेरल यांनी आकड्यांतून जे दाखवले, त्याचीच साक्ष आपल्याकडचा अनुभवही देतो.

२७/ दोषारोप मात्र येथेही तसाच आला. तेथे समलैंगिक पुरुष, येथे वेश्याव्यवसायातील स्त्रिया. रोग पसरवणाऱ्या म्हणून त्यांच्याकडे बोट दाखवले गेले, तेव्हा सांगलीत १९९२ मध्ये मीना शेषू यांच्या पुढाकाराने सुरू झालेल्या 'संग्राम' संस्थेने त्याच स्त्रियांना प्रतिबंधाच्या कामाच्या कर्त्या मानले. निरोधचे वाटप आणि आरोग्यशिक्षण त्या स्वतः करू लागल्या. त्यातूनच पुढे 'वेश्या अन्याय मुक्ती परिषद' उभी राहिली. 'कोणामुळे' या प्रश्नाकडून 'कशामुळे आणि मग काय करायचे' या प्रश्नाकडे समाजाला वळवण्याचे काम प्रयोगशाळेबाहेरही करावे लागते, याचे हे आपल्याच मातीतले उदाहरण.

२८/ १ एप्रिल २००४ पासून भारत सरकारने एचआयव्हीवरील औषधे मोफत देण्यास आरंभ केला, मुंबईचे जे. जे. रुग्णालय हे सुरुवातीच्या केंद्रांपैकी एक. या औषधांनी प्रतिकारशक्ती सावरते आणि जेथे कापोसी सार्कोमा आहे, तेथे अनेकदा तोही ओसरतो. परंतु आफ्रिकेच्या काही देशांत तो आजही पुरुषांत सर्वाधिक आढळणाऱ्या कर्करोगांपैकी आहे, आणि त्या हर्पिस विषाणूवर लस अजून नाही. कारण कळणे म्हणजे काम संपणे नव्हे.

२९/ एकूण हिशेब असा. १८७२ मध्ये 'कारण अज्ञात' असे प्रामाणिकपणे लिहिले गेले. १९७१-७२ मध्ये कण दिसले, पण ते कारण ठरले नाहीत. १९९० मध्ये विषाणू न पाहताच त्याची चाहूल आकड्यांनी दिली. १९९४ मध्ये तो सापडला, आणि सापडल्यानंतरही निश्चित कारण म्हणून मान्य व्हायला पंधरा वर्षे गेली. इतिहासात आपण एका पत्रावरून, एका शिलालेखावरून घाईने 'हेच कारण' म्हणतो, तेव्हा ही पंधरा वर्षे आठवावीत. सातत्य आहे का? कालक्रम जुळतो का? जेथे ते कारण नव्हते, तेथे परिणामही नव्हता का? हा तिसरा प्रश्न आपण सर्वांत कमी विचारतो, आणि माणदेशाची साक्ष नेमकी त्याच प्रश्नाचे उत्तर आहे.

३०/ धागा येथे संपतो. आपल्या जिल्ह्यातील साथींच्या जुन्या नोंदी, म्हणजे प्लेगच्या काळातील नगरपालिकेची दप्तरे, दवाखान्यांच्या वह्या, देवीच्या लसीकरणाचे तक्ते कोणी पाहिले असतील, तर खाली जरूर लिहा. त्यांत रोग कोठे आला याच्या नोंदी असतील. तो कोठे आला नाही, तेही त्याच वह्यांतून कळेल. वाचताना तेवढे लक्षात ठेवा.